बेल्जियम फुटेल का? ल्यूव्हेनमधून काही निरीक्षणं

डायलाकाठची

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात इथल्याच दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं, "बेल्जियम खरंच फुटणार आहे का?" तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढावा लागला. मी २००९ पासून ल्यूव्हेनला राहते. संशोधनासाठी आले आणि इथलीच झाले. नागरिकत्वही घेतलं आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी परक्या देशाचा राहिलेला नाही.

सुरुवात रेल्वेपासून करते. आमच्याकडून ब्रसेल्स साधारण पंचवीस मिनिटांवर. फ्लँडर्समध्ये गाडीतल्या घोषणा फक्त डचमध्ये, ब्रसेल्समध्ये डच आणि फ्रेंच, वालोनियाची हद्द लागली की फक्त फ्रेंच. गाडी तीच, डबा तोच, तपासनीसही तोच. २०२४ मध्ये एका तपासनिसाने व्हिल्व्होर्डच्या जवळ, म्हणजे डच भाषेच्या हद्दीत, प्रवाशांना डचमध्ये सुप्रभात म्हणून पाठोपाठ "बोंझूर"ही म्हटलं. एका प्रवाशाने त्याची तक्रार थेट भाषा-आयोगाकडे केली. एका शब्दाची! मी ती बातमी वाचली तेव्हा दिवसभर मनातून गेली नाही.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देशाची लोकसंख्या पावणेबारा कोटी नव्हे, पावणेबारा दशलक्ष. उत्तरेला फ्लँडर्स, डच बोलणारा; तिथले लोक फ्लेमिश. दक्षिणेला वालोनिया, फ्रेंच बोलणारा; तिथले लोक वालोन. मध्ये ब्रसेल्स, कायद्याने द्विभाषक, प्रत्यक्षात बहुतांशी फ्रेंच आणि भौगोलिकदृष्ट्या चहूबाजूंनी फ्लँडर्सने वेढलेलं. पूर्वेच्या कोपऱ्यात ऑयपेनच्या आसपास थोडे जर्मन भाषक, त्यांचीही स्वतःची विधानसभा आहे.

आणि आमचं गाव. ल्यूव्हेनचं विद्यापीठ १४२५ चं. विसाव्या शतकात तिथे डच आणि फ्रेंच असे दोन्ही विभाग होते. गाव डच हद्दीत, म्हणून फ्लेमिश विद्यार्थ्यांनी "वालोन बाहेर" म्हणत आंदोलन पेटवलं. १९६८ च्या फेब्रुवारीत त्यावरून देशाचं सरकार पडलं. फ्रेंच विभागासाठी पंचवीसेक किलोमीटरवर, शेतजमिनीत, एक संपूर्ण नवं शहर वसवलं गेलं: लुव्हाँ-ला-नव्ह, म्हणजे नवं ल्यूव्हेन. मग ग्रंथालयाची वाटणी झाली. हे ते ग्रंथालय, जे १९१४ मध्ये जर्मनांनी जाळलं, जगभरच्या मदतीतून पुन्हा उभं राहिलं आणि १९४० मध्ये पुन्हा जळलं. दोन महायुद्धांतून जे सावरलं, त्याचे दोन तुकडे करताना नियम असा लावला की मांडणीचा क्रमांक विषम असेल तर पुस्तक ल्यूव्हेनला, सम असेल तर नव्या गावाला.

मी स्वतः एका जुन्या नियतकालिकाच्या अंकासाठी तिकडे गेले आहे. मालिकेतला मला हवा तोच खंड पलीकडे होता.

तर माझं मत: नकाशावर बेल्जियम फुटेल असं मला नजीकच्या काळात वाटत नाही. पण आतून हा देश गेली साठ वर्षं वाटला जातो आहे, आणि त्या वाटणीचं खरं दुखणं भाषा नाही. ते दुखणं हे आहे की एका बाजूच्या नेत्याला दुसऱ्या बाजूच्या मतदारासमोर कधी उभंच राहावं लागत नाही. यावर प्रतिसादांत सविस्तर लिहीन. इतर देशांतल्या, सीमाभागातल्या लोकांचे अनुभवही वाचायला आवडतील.

सह्यकडा

उत्तम धागा. शेवटचं वाक्य नीट कळलं नाही. निवडणूक देशाची असते ना? मग पंतप्रधान होऊ पाहणारा माणूस दुसऱ्या भागात मतं मागायला जात नाही, असं कसं?

डायलाकाठची

सह्यकडा, हाच कळीचा मुद्दा आहे, म्हणून सविस्तर.

१९६८ ते १९७८ या दहा वर्षांत इथले तिन्ही मोठे पक्ष, ख्रिस्ती लोकशाहीवादी, उदारमतवादी आणि समाजवादी, भाषेवरून उभे चिरले गेले. प्रत्येकाचे दोन पक्ष झाले, दोन अध्यक्ष, दोन जाहीरनामे. आज देशभर एकच पक्ष म्हणून लढणारा मोठा पक्ष जवळजवळ उरलेला नाही. डाव्यांचा एक पक्ष आहे तेवढाच.

म्हणजे असं बघा. मी ल्यूव्हेनमध्ये मतदान करते. माझ्या मतपत्रिकेवर फक्त फ्लेमिश पक्ष. वालोनियातल्या लिएजच्या एखाद्या नेत्याने देशाच्या निवृत्तिवेतनाबद्दल कितीही शहाणपणाची गोष्ट सांगितली तरी मी त्याला मत देऊ शकत नाही. उलट एखाद्या वालोन मंत्र्याने माझं नुकसान केलं तर मी त्याला पाडूही शकत नाही. वालोन नेते एलियो दि रुपो पंतप्रधान झाले तेव्हा देशाच्या सुमारे साठ टक्के लोकांना त्यांच्या पक्षाला मत देण्याची सोयच नव्हती. आज फ्लेमिश नेते बार्ट दे वेव्हर आहेत तर वालोन माणसाची जवळजवळ तीच स्थिती.

अशा रचनेत प्रत्येक नेत्याचा फायदा एकाच गोष्टीत असतो: आपल्या बाजूच्या लोकांना सांगायचं की पलीकडचे तुमचं खातात. पलीकडून मत गमावण्याची भीतीच नाही. वाहिन्या वेगळ्या, वर्तमानपत्रं वेगळी, त्यामुळे पलीकडचा काय म्हणतो हे तपासायलाही कोणी जात नाही. माझ्या फ्लेमिश सहकाऱ्यांना फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांची भांडणं ठाऊक असतात, पण वालोनियाच्या मुख्यमंत्र्यांचं नाव पटकन आठवत नाही. मला हे फार लागतं.

निवडणुकीनंतर मात्र याच पक्षांना एकत्र बसून सरकार बनवावं लागतं. मंत्रिमंडळात पंतप्रधान सोडून डच आणि फ्रेंच मंत्री समसमान, असं राज्यघटनाच सांगते. म्हणून २०१०-११ मध्ये ५४१ दिवस पूर्ण अधिकाराचं सरकार नव्हतं. मी तेव्हा नवीन होते. रोज सकाळी वाटायचं, आज काहीतरी कोसळेल. बस वेळेवर यायची, पगार व्हायचा. कारण शाळा, रस्ते, घरबांधणी ही सगळी कामं एव्हाना प्रांतांकडे गेली होती.

खानापूर_रस्ता

ताई, धागा वाचताना अंगावर काटा आला. आम्ही बेळगाव जिल्ह्यातले. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा माझे आजोबा तिशीत होते. १ नोव्हेंबरचा काळा दिन, सायकल फेरी, हे आमच्या लहानपणीचे सण-वारांइतके ठरलेले दिवस. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. आजोबा गेले, दावा आहे.

इथे देश फुटायचा प्रश्न नाही, हे आधीच सांगतो. आमची तक्रार एका राज्याशी आहे, देशाशी कधीच नव्हती. तरी मला एक विचारायचं आहे. आमच्याकडे पाटसकर सूत्राचा आग्रह आहे: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषकांचं सापेक्ष बहुमत आणि लोकेच्छा. त्यासाठी गावोगावची भाषक मोजणी हाच पाया. बेल्जियमने भाषेची सीमा आखली तेव्हा मोजणीला किती महत्त्व दिलं?

डायलाकाठची

दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. इथे मोजणीवरूनच सगळं बिघडलं आणि शेवटी मोजणीच बंद केली.

१९३२ च्या कायद्याप्रमाणे दर जनगणनेनंतर सीमा हलायची. गावात दुसऱ्या भाषेचे ३० टक्के लोक निघाले तर त्यांना कार्यालयात त्यांच्या भाषेची सोय, निम्म्याच्या वर गेले तर गावाची भाषाच बदलायची. १९४७ ची मोजणी झाली आणि ब्रसेल्सभोवतीच्या गावांत फ्रेंच भाषक वाढलेले दिसले. त्यावरून १९५४ मध्ये एव्हेरे, खान्सहोरेन आणि बेर्खेम ही तीन गावं द्विभाषक ब्रसेल्सला जोडली गेली. फ्लेमिश लोकांनी याला तेलाचा डाग म्हटलं: कागदावर तेल पडलं की पसरतच जातं तसा. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, कारण लोक आपली घरातली भाषा सांगत नव्हते, प्रतिष्ठेची भाषा सांगत होते. पुढच्या मोजणीला फ्लेमिश महापौरांनी नकार दिला. १९६१ मध्ये जनगणनेतून भाषेचा प्रश्न कायद्याने काढून टाकला आणि १९६२-६३ मध्ये सीमा एकदाच आखून गोठवली.

म्हणजे बेल्जियममध्ये आज कोण किती डच आणि कोण किती फ्रेंच, याचा अधिकृत आकडा नाही. विचारायलाच बंदी.

गोठवताना काही गावं इकडची तिकडे गेली. फूरेन नावाची सहा छोटी गावं लिएजमधून काढून फ्लेमिश लिम्बुर्गला दिली. वस्ती जेमतेम चार हजार. तिथे झोझे आपार नावाचे फ्रेंच भाषक महापौर निवडून आले आणि त्यांनी डच परीक्षा द्यायला नकार दिला. १९८७ मध्ये त्या वादापायी राष्ट्रीय सरकार पडलं. चार हजार लोकांच्या महापौरावरून!

खानापूर_रस्ता

चार हजार लोकांसाठी सरकार पडतं, म्हणजे त्या चार हजारांना कोणी तरी मोजतं. आमच्याकडे पंधरा टक्क्यांच्या वर भाषक अल्पसंख्याक असतील तर त्यांच्या भाषेत कागदपत्रं मिळावीत असं केंद्राचं ठरलेलं धोरण आहे. मी माझ्या आईच्या नावचा जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेतो. आईला कन्नड बोलता येतं, बाजारात ती कन्नडच बोलते, शेजारणीशी तिचं छान आहे. पण वाचता येत नाही. आपल्याच शेताचा कागद.

निळी_कौलं

मी ब्रसेल्सला लागून असलेल्या सहा "सुविधा" गावांपैकी, म्हणजे जिथे फ्रेंच भाषकांना त्यांच्या भाषेत कागदपत्रांची सोय आहे अशांपैकी, एकात राहते. गावाचं नाव लिहीत नाही. गाव डच हद्दीत, रहिवासी बरेचसे फ्रेंच. आमचं घर फ्रेंचमध्ये चालतं, कारण नवरा ट्युनिशियाचा.

नगरपालिकेचं पत्र डचमध्ये येतं. फ्रेंच प्रत हवी असेल तर मागायची. एकदा मागून चालत नाही, प्रत्येक कागदासाठी, प्रत्येक वेळी नव्याने. हे १९९७ च्या एका परिपत्रकामुळे. मुलाच्या जन्मानंतर मी खिडकीवर गेले होते. बाळ अकरा दिवसांचं, टाके ओले. समोरच्या बाईंना फ्रेंच उत्तम येतं हे मला माहीत होतं, कारण बेकरीत आम्ही फ्रेंचमध्येच बोलायचो. त्या दिवशी त्यांनी डचमध्ये सुरुवात केली. मी फ्रेंचमध्ये विचारलं, त्यांनी डचमध्येच उत्तर दिलं. दोनदा. मग हळू आवाजात म्हणाल्या, तुम्ही आधी फ्रेंच हवं असं रीतसर म्हणा, मग मला बोलता येईल. त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं की त्यांनाही हे नको आहे.

त्या बाईंवर माझा राग नाही. पण त्या दिवशी घरी येऊन मी रडले, हे खरं.

एक भर घालते. आम्हा सहा गावांतल्या मतदारांना राष्ट्रीय निवडणुकीत ब्रसेल्सच्या यादीला मत देता येतं. ब्रसेल्स-हाले-व्हिल्व्होर्ड हा मतदारसंघ २०१२ मध्ये तोडला तेव्हा ती तडजोड झाली. त्या एका मतदारसंघावरून २०१० मध्ये सरकार पडलं होतं.

प्राजक्त_७२

वाचते आहे. सगळ्यांचे अनुभव मनापासून पोचले. पण एक खटकतं. फ्लेमिश लोक इथे जरा आडमुठे रंगवले जात आहेत. बहुसंख्य असूनही ते इतके हळवे का आहेत, याचं कारण कोणी सांगेल का? कोणताही समाज उगाच असा होत नाही.

डायलाकाठची

प्राजक्त, बरं झालं टोकलंस. ही बाजू मी आधीच लिहायला हवी होती.

१८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला तेव्हा राज्यकारभार, न्यायालय, सैन्यातले अधिकारी, उच्च शिक्षण, सगळं फ्रेंचमध्ये. फ्लँडर्समधला वरचा वर्गही फ्रेंच बोलायचा. डच ही कुळांची, मोलकरणींची, विणकरांची भाषा. १८६० मध्ये कूके आणि खूथाल्स या दोन फ्लेमिश मजुरांना खुनाच्या आरोपावरून शार्लरुआला फाशी झाली. खटला फ्रेंचमध्ये चालला, त्यांना फ्रेंच येत नव्हतं. पुढे त्या निकालाबद्दलच गंभीर शंका उभ्या राहिल्या. फौजदारी खटल्यात आरोपीची भाषा वापरण्याचा कायदा यायला १८७३ उजाडलं. डच कायद्याची बरोबरीची भाषा १८९८ मध्ये झाली. डचमध्ये शिकवणारं पहिलं विद्यापीठ, गेंटचं, १९३० मध्ये. आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी तारीख: देशाच्या राज्यघटनेचा डच मजकूर अधिकृत झाला १९६७ मध्ये. एकशे छत्तीस वर्षं देशातल्या बहुसंख्यांच्या भाषेतली घटना ही फक्त भाषांतर होती.

माझ्या घरमालकिणीच्या आईला शाळेत डच बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची, फ्लँडर्समधल्याच शाळेत. ती म्हातारी मला म्हणाली होती, "मला फ्रेंच फार छान येतं, आणि मी ते कधीच बोलणार नाही." तिच्यासमोर मी काय बोलणार? मी मान खाली घातली.

म्यूझकाठ

मी लिएजहून लिहितेय. सासर वालोन आहे. वर आमच्या बाजूचं कोणीच नाही, म्हणून भर घालते.

फ्लेमिश राष्ट्रवाद्यांचा आवडता मुद्दा म्हणजे पैसा. निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, बेकारभत्ता अजून राष्ट्रीय आहेत, त्यामुळे श्रीमंत फ्लँडर्सकडून वालोनियाकडे पैसा वाहतो. वाहतो, नाकारत नाही. पण एकोणिसाव्या शतकात युरोपच्या मुख्य भूमीवरचं पहिलं मोठं औद्योगिक केंद्र आमच्या दरीत होतं. सेराँगला जॉन कॉकरिलने १८१७ मध्ये कारखाना काढला. कोळसा, पोलाद, काच, शस्त्रं. तेव्हा भुकेले फ्लेमिश मजूर आमच्या खाणींत यायचे. देश त्या कोळशावर उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर खाणीत उतरायला माणसं मिळेनात, म्हणून १९४६ मध्ये इटलीशी करार झाला: माणसं द्या, कोळसा घ्या. माझे सासरे त्या करारातून आलेल्या माणसाचे चिरंजीव. ८ ऑगस्ट १९५६ ला शार्लरुआजवळ मार्सिनेलच्या खाणीत आग लागली आणि २६२ माणसं गेली, त्यांतली १३६ इटालियन. सासरे दर ऑगस्टला तिथे जातात. मग खाणी बंद पडल्या, भट्ट्या थंडावल्या. अँटवर्पचं बंदर मात्र फुलत गेलं. त्यात आमच्या माणसांचा आळस कुठे आला? "वालोन आळशी" हे मी फ्लँडर्समध्ये सहज बोलताना ऐकलं आहे, आणि दर वेळी सासऱ्यांचे हात डोळ्यांसमोर येतात.

फुटण्याची भाषा फक्त उत्तरेची आहे असंही नाही. १९१२ मध्ये झ्यूल देस्त्रे या वालोन नेत्याने राजाला उघड पत्र लिहून सांगितलं होतं की बेल्जियन म्हणून कोणी नाहीतच, आहेत ते वालोन आणि फ्लेमिश. १९६०-६१ च्या मोठ्या संपात संघराज्याची मागणी वालोन कामगारांनीच केली होती.

आणखी एक आठवण. १३ डिसेंबर २००६ ची रात्र. मी लग्न होऊन आलेल्याला वर्षही झालं नव्हतं. फ्रेंच सरकारी वाहिनीने चालू कार्यक्रम तोडून बातमी दिली: फ्लँडर्सच्या विधानसभेने स्वातंत्र्य जाहीर केलं आहे, राजा देश सोडून गेला आहे. वार्ताहर रस्त्यावर, ट्राम हद्दीवर अडकलेली. अर्ध्या तासाने पडद्यावर आलं की हे काल्पनिक आहे, चर्चा व्हावी म्हणून केलं. तोवर सासूबाई रडून थकल्या होत्या. मला तेव्हा फ्रेंच नीट कळत नव्हतं. मी फक्त त्यांचा हात धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, आत्ताच तर मी या देशात आले.

इतक्या लोकांना ते खरं वाटलं, याचा अर्थ लोकांच्या मनात ती शक्यता आधीच घर करून होती.

मांडवीकाठ

सगळे जण सुंदर लिहीत आहेत. मी पणजीचा. एक साधा प्रश्न: लोकांनाच का विचारत नाहीत? आम्हाला विचारलं होतं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्याने मत दिलं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. आमच्या घरात वडील फुलाच्या, म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूचे आणि काका दोन पानांच्या, म्हणजे विरोधाच्या. निकालानंतर काही महिने दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पण निकाल दोघांनीही मानला. आज गोव्यात तो प्रश्न संपलेला आहे.

डायलाकाठची

मांडवीकाठ, बेल्जियमने एकदाच लोकांना विचारलं, आणि त्याचीच धास्ती आजपर्यंत आहे.

१९५० मध्ये प्रश्न होता राजा तिसरा लिओपोल्ड याने परत गादीवर यावं का. युद्धात त्याने जर्मनांपुढे शरणागती पत्करली म्हणून त्याच्यावर राग होता. १२ मार्चला मतदान झालं. देशभरात ५७ टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, यावं. पण आत डोकावलं तर फ्लँडर्समध्ये ७२ टक्के होकार, वालोनियात ४२, ब्रसेल्समध्ये ४८. राजा परत आला आणि वालोनिया पेटला. लिएजजवळ ग्रास-बेर्लूर इथे पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. शेवटी मतदान जिंकलेल्या राजाला मुलाच्या, बोद्वँच्या, हाती अधिकार द्यावे लागले. फ्लेमिश लोकांना वाटलं, आम्ही जिंकूनही हरलो. वालोनांना कळलं की संख्येच्या जोरावर आपल्यावर काहीही लादता येतं. त्यानंतर देशाने पुन्हा कधी सार्वमत घेतलं नाही.

गोव्यात तुमचे वडील आणि काका एकाच घरात राहून विरुद्ध मत देत होते. मतं गावागावांत, घराघरांत मिसळलेली होती. इथे तशी मिसळण झालीच नाही. एका बाजूला हो, दुसऱ्या बाजूला नाही, आणि मध्ये रेघ.

ब्रनोवासी

मी चेक प्रजासत्ताकात ब्रनोला आहे. ज्या बागेतल्या वाड्यात १९९२ च्या उन्हाळ्यात व्हात्स्लाव क्लाउस आणि व्लादिमीर मेचियार बसले आणि चेकोस्लोव्हाकियाची वाटणी ठरली, तो टुगेन्धाट व्हिला माझ्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे. झाडाखाली बसलेल्या त्या दोघांची छायाचित्रं इथे सगळ्यांना माहीत आहेत.

तिथेही लोकांना विचारलं नाही. बहुसंख्यांना फाळणी नको होती असंच त्या वेळच्या पाहण्या सांगत होत्या. राष्ट्राध्यक्ष हाव्हेल यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला. १ जानेवारी १९९३ ला दोन देश. मालमत्तेची वाटणी लोकसंख्येप्रमाणे दोनास एक. ठरलं होतं की जुन्या संघाची चिन्हं दोघांनीही वापरायची नाहीत, चेकांनी तरी जुना झेंडा ठेवून घेतला. स्लोव्हाक मित्र अजून ती आठवण काढतात. नोटा सामाईक ठेवायच्या होत्या, सहा आठवडेही टिकलं नाही. जुन्या नोटांवर तिकिटं चिकटवून त्या वेगळ्या केल्या.

रक्त सांडलं नाही, आणि आज दोघांचं छान आहे. पण माझ्या मते बेल्जियमला हा रस्ता उघडा नाही. प्राग कोणाचं हा प्रश्न कधी आलाच नाही. ब्रसेल्स कोणाचं?

खानापूर_रस्ता

ब्रनोवासी, अगदी बरोबर. आमच्याकडे भावाभावांत वाटणी होते तेव्हा शेत वाटतात, घर वाटतात, भांडीसुद्धा वाटतात. विहीर सामाईक राहते. उताऱ्यावर तशी नोंद होते, आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात. बोलणं बंद असलेले भाऊसुद्धा पाळीचा निरोप पाठवतात. ब्रसेल्स ही त्यांची विहीर दिसते.

डायलाकाठची

दादा, हा दाखला मी इथल्या मित्रांना सांगणार आहे.

ब्रसेल्समध्ये सुमारे साडेबारा लाख लोक. फ्लँडर्सने आपली राजधानी म्हणून ब्रसेल्सच निवडलं आहे, त्यांची विधानसभा तिथेच भरते. फ्रेंच भाषक समाजाची राजधानीही तेच. फ्लँडर्स वेगळं व्हायचं म्हटलं तर बहुसंख्य फ्रेंच बोलणाऱ्या शहरावर हक्क सांगावा लागेल, नाही तर आपलीच राजधानी सोडावी लागेल. त्यावर देशाचं कर्ज वार्षिक उत्पन्नाहून जास्त, ते कोणी किती उचलायचं? आणि भाषेशी संबंधित मोठे कायदे बदलायला एकूण दोन तृतीयांश मतं लागतात, शिवाय दोन्ही भाषागटांत वेगवेगळं बहुमत. म्हणजे पलीकडच्याच्या संमतीशिवाय वेगळंसुद्धा होता येत नाही.

दे वेव्हर यांच्या पक्षाच्या घटनेत पहिलंच उद्दिष्ट स्वतंत्र फ्लँडर्स आहे. ३ फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी बेल्जियमच्या राजासमोर पंतप्रधानपदाची शपथ घेतली. त्यांचा पक्ष आणि त्याहून कडवा फ्लेमिश पक्ष मिळून १५० पैकी ४४ जागा आहेत. ही ताकद वाढली तर अधिकार आणखी खाली सरकतील, आरोग्य, कदाचित निवृत्तिवेतनही. मला भीती त्या दिवसाची आहे. म्यूझकाठच्या सासऱ्यांचं औषध आणि माझ्या घरमालकिणीचं औषध आज एकाच पेटीतून येतं. शेवटची सामाईक गोष्ट ती आहे.

काही प्राध्यापकांनी फार पूर्वी सुचवलंय की संसदेतल्या १५ जागा देशभराच्या एका मतदारसंघातून निवडाव्यात. म्हणजे पंतप्रधान होऊ पाहणाऱ्याला ल्यूव्हेनमध्येही यावं लागेल आणि लिएजमध्येही, दोन्ही भाषांत बोलावं लागेल. मला ते मनापासून पटतं. मी त्यासाठी सह्या गोळा केल्या आहेत, हिवाळ्यात चौकात उभं राहून. फार मिळाल्या नाहीत.

सह्यकडा

आता कळलं. एका मतपत्रिकेचा एवढा फरक पडतो हे डोक्यात कधी आलं नव्हतं.

म्यूझकाठ

डायलाकाठची, एक विचारू? तुम्ही २००९ पासून ल्यूव्हेनला, मी २००६ पासून लिएजला. गाडीने चाळीस मिनिटंही लागत नाहीत. आपली भेट कशी नाही झाली?

डायलाकाठची

मीही कालपासून तोच विचार करतेय. आमचा गणपती फ्लँडर्समध्ये. मंडळी ल्यूव्हेन, अँटवर्प, गेंटची, व्हॉट्सअ‍ॅपचा गटही आमचा वेगळा. निमंत्रण हद्दीपलीकडे पाठवायचं कोणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही. मला याचं खूप वाईट वाटतंय.

या शनिवारी मी लेकीला घेऊन लिएजला आले तर चालेल? ती अकरा वर्षांची आहे. शाळेत फ्रेंच नुकतंच सुरू झालंय, अजून वाक्य जुळवता येत नाही.

म्यूझकाठ

चालेल काय, या! माझा मुलगा बारा वर्षांचा. शाळेत दुसरी भाषा इंग्रजी घेतलीय, डच अजिबात येत नाही. दोघं मराठीत बोलतील. स्टेशनवर घ्यायला येते, साडेदहाच्या गाडीने निघा.

निळी_कौलं

मी पण येऊ का? बाळ आता चार वर्षांचं आहे.

म्यूझकाठ

अगं, विचारतेस काय. पुरणपोळी करते. सासऱ्यांनाही सांगून ठेवते.